रयतेचे ऋण आणि विद्यापीठांचे मौन

स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये जो निकाल दिला, त्याने महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील एक जुनी उणीव सर्वांसमक्ष उघडी पाडली. अशा जागा राखून ठेवावयाच्या असतील तर त्या त्या संस्थेच्या क्षेत्रात मागासलेपणाचे स्वरूप काय आहे, याची सद्यःकालीन आणि प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेली माहिती एका समर्पित आयोगाने आधी गोळा केली पाहिजे, असे न्यायालयाने बजावले; आणि अशी माहिती शासनाच्या दप्तरी तयार नसल्यामुळे पुढे कित्येक महिने ‘इम्पिरिकल डेटा’ हे दोन शब्द विधानभवनापासून गावच्या पारापर्यंत सर्वत्र ऐकू येऊ लागले. अखेर २०२२ मध्ये माजी मुख्य सचिव जयंत बांठिया यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने थोडक्या मुदतीत आपला अहवाल सिद्ध केला. परंतु मतदारयाद्यांतील आडनावांवरून समाज ठरविण्याच्या पद्धतीवर त्या वेळी जे आक्षेप घेतले गेले, ते पाहता घाईने गोळा केलेल्या माहितीवर लोकांचा विश्वास बसणे किती कठीण असते, हेही दिसून आले. या सबंध वादात पुढारी बोलले, वकील बोलले, निवृत्त अधिकारी बोलले. मात्र ज्या राज्यात १८५७ पासून विद्यापीठ आहे, जेथे आज डझनाहून अधिक सार्वजनिक विद्यापीठे नांदत आहेत, आणि त्यांतील बहुतेकांत समाजशास्त्र, अर्थशास्त्र व संख्याशास्त्र यांचे स्वतंत्र विभाग शासनाच्या अनुदानावर चालतात, त्या राज्यातील विद्वानांनी या माहितीचा निदान पाया तरी आधीच घालून ठेवावयास नको होता काय, हा प्रश्न मोठ्या आवाजात विचारलेला माझ्या ऐकण्यात आला नाही. विद्यापीठांकडून आपण अशा कामाची अपेक्षाच करीत नाही, आणि मला सर्वांत अधिक चिंता वाटते ती या अपेक्षाभंगाचीही जाणीव न उरल्याची.

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार समाजाला कोठून प्राप्त होतो, याचे उत्तर महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात मिळते. सरकारचा महसूल मुख्यत्वे शेतात राबणाऱ्या रयतेच्या श्रमातून येतो, आणि त्या महसुलातून होणारा शिक्षणाचा खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. आणि म्हणून बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे सरकारने आधी लक्ष पुरवावे, अशी त्यांची मागणी होती. त्यानंतरच्या काळात महाविद्यालये तालुक्यांच्या गावी पोहोचली, शेतकऱ्यांची व कामगारांची मुले पदव्या घेऊ लागली, त्यांतील काही कुलगुरूपदापर्यंतही चढली, आणि त्या मर्यादेपर्यंत फुल्यांच्या तक्रारीचे निवारण झाले, असे समाधान आपण मानतो. परंतु त्या तक्रारीचा दुसरा अर्धा भाग तसाच शिल्लक आहे. जो शेतकरी, जो कामगार, जी मोलकरीण स्वतः कधी विद्यापीठाची पायरी चढली नाही आणि जिची मुलेही कदाचित चढणार नाहीत, ती प्रत्येक जिनसेवर कर भरून त्या विद्यापीठाचे वेतनपट चालविते. तिला मोबदला म्हणून काय मिळते? पदवीधरांच्या हातून होणारी सेवा हे एक उत्तर झाले. पण ते अपुरे आहे, कारण ती सेवा तिला बहुधा पुन्हा दाम मोजूनच विकत घ्यावी लागते. माझ्या समजुतीप्रमाणे विद्यापीठाने तिला देणे असलेली गोष्ट निराळी आहे: तिच्या जीवनाला वेढून राहिलेल्या प्रश्नांचा निःपक्षपाती शोध घेणे, त्या शोधाचे फलित तिला समजेल अशा भाषेत तिच्यापुढे ठेवणे, आणि सत्ताधाऱ्याला ते रुचो वा न रुचो, त्यात बदल न करणे. विद्वानाचे सार्वजनिक कर्तव्य मी म्हणतो ते हेच, आणि व्यासपीठावरील अध्यक्षीय भाषणे, वृत्तवाहिन्यांवरील चर्चा व शासकीय समित्यांची सदस्यत्वे ही त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

हे काही नवे मागणे नव्हे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा पायाच मुळी अशा शोधावर रचला गेला. १८७० साली पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने, न्यायमूर्ती रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांच्या अविश्रांत परिश्रमांनी, १८७६-७७ च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांत आपली माणसे पाठवून पिके, भाव, स्थलांतर व मृत्यू यांची माहिती जमा केली आणि ती वारंवार सरकारपुढे मांडली. दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एका पौंड धान्याच्या हिशेबाने मजुरी द्यावी, असा जो दंडक सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने त्या वेळी अंमलात आला, त्याच्याविरुद्ध सभेने जो आवाज उठविला त्याचे बळ तपशिलात होते. अमुक तालुक्यात ही स्थिती आहे, तमुक कामावर मजुरांची ही दशा आहे, असे ज्याला नावनिशीवार सांगता येते, त्याची कैफियत बाजूला सारणे कोणत्याही सरकारला सोपे जात नाही. पुढे १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी वेल्बी आयोगापुढे जी साक्ष दिली, तिच्यामागेही याच शाळेत घोटलेली अंकगणिताची आणि संयमाची शिस्त उभी होती.

या परंपरेला संस्थेचे स्थायी रूप आले ते १९३० साली. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी दिलेल्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या विद्यमाने पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, आणि वयाची तिशीही न गाठलेले धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक झाले. केंब्रिजमध्ये शिकलेल्या आणि भारताच्या औद्योगिक विकासावरील ग्रंथाने १९२४ सालीच नाव मिळविलेल्या या विद्वानाने मनात आणले असते, तर परदेशी नियतकालिकांत सिद्धान्तचर्चा करीत सारे आयुष्य सन्मानाने घालविता आले असते. त्यांनी वाई तालुक्यातील शेतकऱ्यांच्या जमाखर्चाची पाहणी हाती घेतली. पुणे शहरातील कुटुंबांचे उत्पन्न, धंदे आणि राहणी यांची नोंद केली, जिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि अहमदनगर जिल्ह्यातील गोदावरी व प्रवरा कालव्यांचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ काय झाले, हे तेथील शेतकऱ्यांच्या घरी जाऊन मोजले. १९४८ साली प्रसिद्ध झालेला कालव्यांचा तो अहवाल आज फारसा कोणी उघडत नाही. पण पाणी आले म्हणजे समृद्धी आली, या सरधोपट समजुतीऐवजी पाण्याचा पैसा कोणाच्या पदरात किती पडला, हे विचारण्याची रीत त्याने घालून दिली.

आणि येथेच गाडगीळांच्या चरित्रातील तो भाग येतो, जो प्रत्येक विद्यापीठीय अध्यापकाने पुनःपुन्हा आठवावा. ज्या प्रवरेच्या काठी त्यांच्या संस्थेने ही पाहणी केली, तेथेच लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील ऊस उत्पादकांना एकत्र करून सहकारी साखर कारखाना काढण्याच्या खटपटीत होते. शाळेत फारसे न शिकलेला पण माणसे जोडण्यात निष्णात असलेला हा शेतकरी आणि केंब्रिजचा हा अर्थशास्त्रज्ञ यांची गाठ पडली. वैकुंठभाई मेहता यांच्यासारख्या सहकारनिष्ठ मंत्र्याचे पाठबळ मिळाले. आणि १९५० मध्ये महाराष्ट्रातील पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच्या अध्यक्षपदाची जबाबदारी आरंभीची कित्येक वर्षे गाडगीळांनी वाहिली. या अध्यक्षपदाने त्यांच्यातील संशोधक संपला नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच सुमारास ते अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या निदेशक समितीवर काम करीत होते. आणि ज्या सहकाराचे ते स्वतः पुरस्कर्ते होते, त्या सहकारी संस्थांकडून शेतकऱ्याला मिळणारे कर्ज हे त्याच्या एकूण कर्जाच्या जेमतेम ३ टक्के आहे, हे अप्रिय सत्य त्या समितीने १९५४ साली उघडपणे नमूद केले. इंपीरियल बँकेचे रूपांतर होऊन १९५५ मध्ये स्टेट बँक स्थापन झाली, ती याच पाहणीच्या शिफारशींतून. एखाद्या कार्यावर जीव असूनही त्या कार्याच्या अपयशाचा आकडा लपवावयाचा नाही, हा जो निग्रह त्यात दिसतो, त्यालाच मी विद्वत्तेची सचोटी म्हणतो. आणि ती सचोटी असल्यामुळेच लोणीच्या शेतकऱ्यांना आणि दिल्लीच्या नियोजनकारांना, दोघांनाही, गाडगीळांच्या शब्दाचे मोल वाटले.

गोखले संस्थेच्या काळे स्मृतिव्याख्यानमालेत १९३९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३५ च्या कायद्यातील संघराज्याच्या योजनेची कठोर चिकित्सा केली, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण विद्वत्ता आणि लोकजीवन यांच्या नात्याचा सर्वांत उत्कट आदर्श महाराष्ट्राने बाबासाहेबांच्याच रूपाने पाहिला. त्यांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर जो निबंध लिहिला, त्यात धारण क्षेत्राचा लहान आकार हे मूळ दुखणे नसून जमिनीवर पडलेला अतिरिक्त लोकसंख्येचा भार आणि भांडवलाची टंचाई ही खरी कारणे आहेत, आणि त्यांवरचा इलाज औद्योगिकीकरणात आहे, असे त्यांनी प्रचलित मताविरुद्ध प्रतिपादन केले. पुढे दोनच वर्षांत, ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘मूकनायक’ हे मराठी पाक्षिक त्यांनी सुरू केले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, आणि १९३७ साली खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडले. शास्त्रीय निबंध, मराठी नियतकालिक आणि कायद्याचा मसुदा ही तीन कामे त्यांनी तीन वेगळ्या माणसांवर सोपविली नाहीत. जमिनीसंबंधी जो विचार त्यांनी विद्वानांपुढे इंग्रजीत मांडला, त्याच निष्ठेने त्यांनी कोकणातल्या कुळाच्या न्यायाचा प्रश्न विधिमंडळात लढविला; आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते, त्यांच्याशी ते त्यांच्या भाषेत बोलले. आजच्या प्राध्यापकाने बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालताना या तिहेरी कर्तव्याची आठवण ठेवली, तर त्या हाराला अर्थ येईल.

स्वातंत्र्योत्तर काळातही हा वारसा काही दशके जिवंत राहिला. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील दारिद्र्यावरील अभ्यासात १९६०-६१ च्या आकड्यांच्या आधारे असे दाखवून दिले, की ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि नागरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोकांना पुरेसे अन्नही परवडत नाही. आणि त्यावर उपाय म्हणून सार्वजनिक कामांतून रोजगार पुरविण्याची तजवीज त्यांनी सुचविली. पुढे उष्मांकांच्या मोजमापावरून पां. वा. सुखात्मे यांनी या पद्धतीवर मूलगामी आक्षेप घेतले आणि दोन थोर मराठी संख्याशास्त्रज्ञांमधील तो वाद वर्षानुवर्षे चालला. गरीब कोणाला म्हणावे, या प्रश्नाचा विचार त्या वादामुळे अधिक सूक्ष्म झाला. विद्वानांचे मतभेद लोकांना गोंधळात टाकतात असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे. १९८४ साली याच दांडेकरांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने महाराष्ट्राच्या विकासातील अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा ठरविला. जिल्हा हा घटक धरून मोजणी केल्यामुळे विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के व मराठवाड्याचा सुमारे २४ टक्के निघाला, तर उरलेला सुमारे ३७ टक्के अनुशेष कोकण व पश्चिम महाराष्ट्रातच आढळला. विदर्भाला वाटले आपल्यावर अन्याय झाला, आणि अन्य भागांच्या पुढाऱ्यांनाही आपल्याच भागातील दुर्लक्षित जिल्ह्यांची आकडेवारी पाहून विचारात पडावे लागले. कोणत्याही पक्षाच्या पूर्ण सोयीचा नसलेला तो अहवाल चाळीस वर्षांनंतरही प्रादेशिक समतोलाच्या प्रत्येक चर्चेचा आरंभबिंदू राहिला आहे.

विद्यापीठ लोकांच्या जीवनात शिरले म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल तर कृषी विद्यापीठांकडे पाहावे. त्यांच्याही उणिवा पुष्कळ आहेत. पण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्रातून आलेल्या उसाच्या वाणाला कृष्णाकाठचा शेतकरी ‘दोनशे पासष्ट’ म्हणून ओळखतो, लागणीच्या वेळी आपल्या चोपण जमिनीत तो तग धरील की नाही याची शेजाऱ्याशी चर्चा करतो, पटला नाही तर सोडून देतो, आणि विद्यापीठाच्या कृषिदर्शनीची नवी प्रत दरसाल विकत घेतो. या शेतकऱ्याने विद्यापीठाचे ज्ञान वापरले, तपासले आणि त्यावर मत बनविले. म्हणजे तो त्या ज्ञानाचा धनी झाला. आता याच शेतकऱ्याच्या दुसऱ्या एका प्रश्नाकडे वळू. त्याच्या गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत लागली की बाहेर, यावर वर्षानुवर्षे त्याच्या सवलती, महसुलातील सूट आणि मुलांची परीक्षा फी अवलंबून राहिली. गावातील पीककापणीचे प्रयोग कोणत्या शेतात झाले, उंबरठा उत्पन्न कसे ठरले, आणि शेजारच्या गावाला दिलासा मिळून आपले गाव का वगळले गेले, हे तो तलाठ्याला विचारतो, मंडळ अधिकाऱ्याला विचारतो, शेवटी तहसील कचेरीवर मोर्चा नेतो. पण त्याच तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयातील अर्थशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या प्राध्यापकाकडे जावे, त्याच्यापाशी मागील दहा वर्षांच्या नोंदी असतील, हा विचारही त्याच्या मनाला शिवत नाही. उसाच्या वाणापुरते जे नाते जुळले, ते त्याच्या हक्कांपर्यंत येऊन पोहोचलेच नाही.

असे का झाले, याचा विचार करताना प्राध्यापकवर्गाला सरसकट आळशी ठरविणे अन्यायाचे होईल. मुंबई विद्यापीठाची मूळ घडण लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था अशी झाली, आणि संलग्न महाविद्यालयांच्या अवाढव्य पसाऱ्यामुळे आजही आपल्या विद्यापीठांची बहुतेक शक्ती प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका आणि निकाल यांतच खर्ची पडते. दुसरे कारण याहून अधिक क्लेशदायक आहे. मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर अध्यापक नेमण्याची जी रीत रूढ झाली आहे, तिच्यामुळे नेट-सेट उत्तीर्ण झालेली, कित्येकदा पीएच.डी. मिळविलेली माणसे तासाच्या हिशेबाने मिळणाऱ्या आणि महिनोन् महिने थकणाऱ्या मानधनावर दोन-दोन महाविद्यालयांत धावपळ करीत आहेत. पुढच्या जूनमध्ये नेमणूक मिळेल की नाही याची ज्याला शाश्वती नाही, त्याने स्थानिक साखर कारखान्याच्या हिशेबावर किंवा संस्थाचालक पुढाऱ्याने केलेल्या दाव्यावर निर्भयपणे लिहावे, अशी अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला उरतो काय? तिसरे कारण गुणांकनाच्या पद्धतीत आहे. २०१० नंतर बढतीसाठी शोधनिबंधांची गणना सुरू झाली आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना ऊत आला. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्याच मान्यतेच्या यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात काढून टाकावी लागली. येथे एक गोष्ट समाधानाने नोंदवावीशी वाटते: याच यादीतील विद्यापीठांनी शिफारस केलेल्या नियतकालिकांची छाननी करून त्यांतील सुमारे ८८ टक्के निकृष्ट असू शकतात, असे पुणे विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनीच त्या वर्षी दाखवून दिले. आपल्या घरातील दोष स्वतः मोजून जाहीर करणारी ती विद्वत्ता अद्याप नाहीशी झालेली नाही. तिला अवसर देण्याची इच्छा तेवढी हवी.

या विचारावर दोन बाजूंनी आक्षेप येतील, याची मला कल्पना आहे. विद्वानाने लोकांच्या तंट्यांत पडू नये, त्याने सत्याची उपासना एकांतात करावी, नाही तर त्याची तटस्थता भ्रष्ट होते, असे एक पक्ष म्हणतो. शुद्ध गणित, व्याकरण, पुरातत्त्व यांसारख्या शास्त्रांच्या उपासकांना हा एकांत निःसंशय मिळाला पाहिजे, आणि त्यांच्याकडे तत्काळ उपयोगाचा जाब मागणारा समाज स्वतःचेच नुकसान करून घेतो. परंतु ज्यांचा विषयच समाज आहे, त्यांना समाजापासून दूर राहून तटस्थता लाभत नाही; फार तर अज्ञान लाभते. दुसरा पक्ष म्हणतो, की एवढा अन्याय डोळ्यांपुढे घडत असताना आकडे जुळवीत बसणे हा पळपुटेपणा होय, विद्वानाने सरळ चळवळीत उतरावे, पक्षाचा झेंडा खांद्यावर घ्यावा. नागरिक म्हणून त्याला तो हक्क आहेच. मात्र ज्या क्षणी त्याचे निष्कर्ष पक्षाच्या सोयीने बदलू लागतात, त्या क्षणी चळवळीलाही त्याचा उपयोग उरत नाही, कारण चळवळीला घोषणा देणारे पुष्कळ मिळतात. प्रतिपक्षालाही मान्य करावी लागेल अशी माहिती देणारा क्वचित मिळतो.

मग करावयाचे काय? माझी पहिली सूचना अशी, की प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाने आपल्या अधिकारक्षेत्रातील काही ठराविक गावांची आणि शहरी वस्त्यांची कायमस्वरूपी पाहणी सुरू करावी, आणि दर पाच वर्षांनी त्याच घरांपर्यंत पुन्हा जावे. जमीन, पाणी, कर्ज, शिक्षण, स्थलांतर, जातवार उपजीविका या सर्वांच्या नोंदी अशा रीतीने साचत गेल्या, तर न्यायालयाने माहिती मागितल्यावर आडनावे चाळण्याची पाळी येणार नाही. यासाठी मनुष्यबळ नाही, असे कोणी म्हणू नये. १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची श्रमसंस्कार शिबिरे दरवर्षी शेकडो गावांत भरतात. मुले रस्ते झाडतात, वनराई बंधारे बांधतात, सायंकाळी पथनाट्ये करतात. ही कामे चांगलीच आहेत. त्यांतील दोन दिवस प्रशिक्षित अध्यापकाच्या देखरेखीखाली त्याच गावाच्या पाहणीला दिले, तर गावाला आपली नोंद मिळेल आणि विद्यार्थ्याला आपला देश आकड्यांतून नव्हे तर उंबरठ्यावर बसून कळेल.

दुसरी सूचना भाषेविषयी. अशा प्रत्येक पाहणीचा अहवाल मराठीत लिहून संबंधित गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखविला जावा, लोकांनी काढलेल्या चुका दुरुस्त कराव्यात, आणि तो अहवाल बढतीच्या गुणांकनात परदेशी नियतकालिकातील निबंधाच्या बरोबरीने धरला जावा. मराठीत शास्त्र लिहिता येत नाही, ही सबब आता चालणार नाही. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी राज्यभरातील विद्वानांना हाताशी धरून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली वाचकांच्या हाती दिला, आणि भौतिकीपासून न्यायशास्त्रापर्यंत सर्व विषयांचे विवेचन करण्यास ही भाषा समर्थ आहे, हे त्याने सिद्ध केले. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठीला स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे आयुष्यभर झटले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या सभागृहांतून आजचे संशोधन मराठीत बोलू लागणे ही त्यांच्या प्रयत्नांची उचित परिणती ठरेल.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्यावाचून पहिल्या दोन्ही व्यर्थ आहेत. रिकामी पदे कायमस्वरूपी नेमणुकांनी भरली पाहिजेत, आणि अध्यापकाने पद्धतशीर पाहणीतून काढलेल्या निष्कर्षांबद्दल त्याच्यावर बदली, चौकशी वा नोटीस यांची टांगती तलवार राहणार नाही, असे संरक्षण विद्यापीठांच्या परिनियमांतच नमूद असले पाहिजे. चुकीच्या निष्कर्षाला उत्तर दुसऱ्या विद्वानाने द्यावे. कार्यालयीन आदेशाने त्याला उत्तर देता येत नाही. कोणत्याही पक्षाचे सरकार असो, हे संरक्षण देताना त्याला जड जाणार, यात शंका नाही. म्हणूनच ते सरकारच्या औदार्यावर न सोडता लोकांनी मागून घेतले पाहिजे.

तशी मागणी करण्याचा एक मार्ग कायद्याने आपल्या हाती दिला आहे, आणि त्याचा उपयोग आपण जवळपास करीतच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये प्रत्येक विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. या राज्यात लाखो पदवीधर आहेत. त्यांतील फार थोडे मतदार म्हणून नाव नोंदवितात, आणि जे नोंदवितात त्यांनाही बहुधा एखाद्या संघटनेचा कार्यकर्ता फॉर्म आणून देतो म्हणून. रयतेच्या पैशावर आपण शिकलो, ही जाणीव ज्या पदवीधराला असेल, त्याने आपले नाव स्वतः होऊन नोंदवावे, आणि मते मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावे, की आपल्या जिल्ह्याच्या प्रश्नांवर विद्यापीठाने मागील पाच वर्षांत कोणती पाहणी केली, ती मराठीत कोठे वाचावयास मिळेल, आणि ती करणाऱ्या अध्यापकाची नोकरी कायम आहे काय. अधिसभेच्या सभागृहात हे तीन प्रश्न दरसाल, अर्थसंकल्प मांडला जाण्याआधी, नोंदीसह विचारले जाऊ लागले, तर कुलगुरूंना त्यांची उत्तरे शोधावी लागतील. आणि उत्तरे शोधण्याच्या त्या खटपटीतूनच विद्यापीठे पुन्हा लोकांची होऊ लागतील, असा माझा दृढ विश्वास आहे.